शेतावरील तळ : शहरानजीकच्या शेतकऱ्यास एक जोडधंदा

पुणे-सोलापूर महामार्गाने पुण्याहून निघाले असता सुमारे ५५ ते ६० किलोमीटरांवर दौंड तालुक्यातील वरवंड हे गाव लागते. हा मुलूख पर्जन्यछायेतील असून पावसाचा भरवसा थोडा. परंतु खडकवासल्याहून येणाऱ्या मुठा उजव्या कालव्याच्या व गावाजवळील व्हिक्टोरिया तलावाच्या आधारावर येथे ऊस, कांदा, गहू व ज्वारी ही पिके घेतली जातात. पंचक्रोशीत गुऱ्हाळेही पुष्कळ आहेत. पुण्यासारखे मोठे शहर दीड-दोन तासांच्या अंतरावर असल्याने शनिवार-रविवारी शहर सोडून मोकळ्या जागी रात्र काढू इच्छिणारी कुटुंबे या रस्त्याने जातात. कोणी तंबू बरोबर आणतात, तर कोणी कॅराव्हॅन, म्हणजे आत निजण्याची, स्वयंपाकाची व शौचाची सोय असलेली मोटार घेऊन निघतात. या प्रवाशांस शेतावर जागा देऊन त्यापासून चार पैसे मिळविता येतील काय, आणि ते मिळविताना जमीन, पाणी व पीक यांस अपाय होणार नाही अशी व्यवस्था कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तळ ही येथील जुनीच गोष्ट

शेतात तळ पडणे ही वरवंडकरांस नवी गोष्ट नव्हे. श्री संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून पंढरीस जाताना लोणी काळभोर व यवत येथील मुक्कामांनंतर वरवंड येथे विसावते आणि दुसऱ्या दिवशी पाटस व रोटी घाटाच्या वाटेने उंडवडीकडे प्रस्थान ठेवते. त्या एका रात्रीत गावाभोवतीच्या मोकळ्या रानांत दिंड्यांच्या राहुट्या उभ्या राहतात. पाणी कोठून द्यावे, चूल कोठे पेटवावी, गाड्या कोठे लावाव्यात, याचा अनुभव गावास पिढ्यानुपिढ्या आहे.

दुसरा तळ मेंढपाळांचा. सुगीनंतर धनगर बांधव आपला वाडा घेऊन येतात व शेतकरी त्यांच्या मेंढ्या रानात बसवून घेतो. मेंढपाळास धान्य किंवा पैसा मिळतो, मेंढ्यांस चारा मिळतो आणि जमिनीस लेंडीखत व मूत्र यांच्या रूपाने सकस खत मिळते. या व्यवहारातील एक तत्त्व ध्यानी घेण्याजोगे आहे : तळ उठून गेल्यावर जमीन पूर्वीपेक्षा चांगल्या स्थितीत राहते. पर्यटकांच्या तळासही हीच कसोटी लावली पाहिजे. पाहुणा गेल्यावर रानात प्लॅस्टिक, दबलेली माती व दूषित विहीर उरत असेल, तर तो धंदा नफ्याचा दिसला तरी तोट्याचाच समजावा.

शासकीय धोरण व बाहेरचा अनुभव

बारामती तालुक्यात श्री. पांडुरंग तावरे यांच्या पुढाकाराने २००५ च्या सुमारास कृषी पर्यटनाचे प्रयोग सुरू झाले आणि पुढे राज्याच्या इतर भागांतही त्याचे अनुकरण झाले. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले; त्याअन्वये पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. त्यानंतर २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आले. ज्या ठिकाणी अशा मोटारी रात्री उभ्या करून पाणी, वीज व स्वच्छतागृह यांची सोय मिळते, त्या ठिकाणास कॅराव्हॅन पार्क म्हणतात व असे पार्क खाजगी जागेवरही करता येते, ही गोष्ट त्या धोरणाने मान्य केली.

परदेशातील दोन उदाहरणे येथे उपयोगी पडतील. इटली देशाने १९८५ साली कृषी पर्यटनासाठी जो कायदा केला, त्यात शेती हा मुख्य धंदा व पाहुणचार हा त्यास पूरक धंदा राहिला पाहिजे, असा दंडक घातला. ब्रिटनमध्ये १९६० च्या कायद्याने कॅराव्हॅनच्या तळांवर निर्बंध घातले. परंतु मान्यताप्राप्त संस्थांनी प्रमाणित केलेल्या, एका वेळी पाचपर्यंत गाड्या घेणाऱ्या लहान तळांस त्यातून मोकळीक ठेवली. शेताच्या कोपऱ्यात असे लहान तळ चालविणारे शेतकरी तेथे पुष्कळ आहेत. शेती मुख्य ठेवणे व तळ लहान ठेवणे, या दोन गोष्टी आपल्याकडील लहान खातेदारानेही पक्क्या धराव्यात. पुढील सर्व विवेचन दोन कॅराव्हॅन व तीन तंबू एवढ्याच मर्यादेत केले आहे. यास एकंदर आठ ते दहा गुंठे जागा पुरते.

जागेची निवड

पहिला नियम असा की, तळासाठी उत्तम जमीन कधीही देऊ नये. भारी काळी जमीन पावसात फुगते व तिची भार पेलण्याची शक्ती नाहीशी होते. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते. साडेतीन-चार टन वजनाची मोटार अशा ओल्या जमिनीत रुतते व ती ओढून काढताना खोल चाकोऱ्या पडतात. एवढ्यावरच भागत नाही. चाकांच्या दाबाने मातीतील हवेच्या पोकळ्या मिटतात, पाणी मुरेनासे होते व मुळे खाली जाऊ शकत नाहीत. ओल्या काळ्या जमिनीवर एका रात्रीत झालेले हे नुकसान भरून येण्यास पुढे कित्येक हंगाम लागतात.

म्हणून बांधाकडची मुरमाड, बरड किंवा खडकाळ जागा निवडावी. बहुतेक खात्यांत असा एखादा पडीक तुकडा असतोच; त्याचे उत्पन्न नाममात्र असल्याने तेथे गेलेले गुंठे जाणवत नाहीत. जागा रस्त्यापासून फार आत नसावी, परंतु महामार्गाच्या अगदी लगतही नसावी, कारण रात्री मालमोटारींच्या आवाजाने झोप येत नाही. ओढ्याच्या पात्रात किंवा कालव्याच्या भरावाखाली तळ कदापि ठेवू नये. झाडाची सावली इष्ट आहे. मात्र वाळलेल्या फांद्यांखाली तंबू उभारू देऊ नये. कॅराव्हॅनची उंची सुमारे तीन मीटर असते. म्हणून वाटेवरील विजेच्या लोंबत्या तारा व आडव्या फांद्या आधी पाहून घ्याव्यात, आणि फाटक निदान पंधरा फूट रुंद असावे.

उसाच्या फडास अगदी लागून तळ ठेवू नये. याची कारणे दोन : एक आगीचे व दुसरे बिबट्याचे. त्यांचा विचार पुढे केला आहे.

गाडीतळाची बांधणी

एका कॅराव्हॅनसाठी १२ मीटर लांब व ६ मीटर रुंद जागा ठेवावी. वरची सुपीक माती वीत-सव्वा वीत काढून ती टाकून न देता दुसऱ्या शेतात पसरावी. त्यानंतर मुरूम एकाच वेळी न ओतता थराथराने टाकून, प्रत्येक थरावर पाणी मारून तो रोलरने किंवा धुमसाने दाबावा. सर्व जागेवर ३० सेंटिमीटर जाडीचा मुरूम घालावयाचा तर दाबलेल्या मापाने सुमारे साडेसात ब्रास लागतो. परंतु वजन पडते ते चाकांखाली. म्हणून केवळ चाकांच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी एक मीटर रुंद, अशा केल्यास अडीच ब्रासमध्ये काम भागते व मधल्या जागेत हरळी वाढू देता येते. त्यामुळे खर्च एकतृतीयांशावर येतो आणि पावसाचे पाणी जागच्या जागी मुरते. जागेस पन्नास फुटांस एक फूट एवढा उतार द्यावा व खालच्या अंगास चर काढावा. मुरूम हे गौण खनिज असल्याने तो आणण्यापूर्वी तहसील कार्यालयात परवानगीची चौकशी करावी.

कॅराव्हॅनला वीज देताना शेतीपंपाच्या जोडणीवरून तार ओढू नये. ती जोडणी शेतीच्या सवलतीच्या दराची असते, शिवाय तिचा पुरवठा पाळीने मिळतो. स्वतंत्र मीटर घेऊन त्यावर अर्थिंग व गळती होताच प्रवाह तोडणारा खटका अवश्य बसवावा. ओल्या जमिनीवर अनवाणी चालणारे लहान मूल डोळ्यांपुढे ठेवून ही कामे परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावीत.

पाणी किती व कोणते

पाहुण्यांस पाणी दिले तर पिकास कमी पडेल, अशी शंका काही शेतकरी घेतात. तिचा हिशेब करून पाहू. दर माणशी दिवसाला ७० लिटर धरल्यास दहा माणसांस ७०० लिटर लागतात. वर्षातून ६० रात्री तळ भरला तर एकंदर ४२,००० लिटर पाणी खर्च होईल. उलट, सुरू उसास प्रवाही पद्धतीने सुमारे २५०० मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर एका एकरास सुमारे एक कोटी लिटर पाणी होते. म्हणजे वर्षभराच्या पाहुण्यांस लागणारे पाणी एक एकर उसाच्या पाण्याच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. जो शेतकरी अर्धा एकर ऊस ठिबकाखाली आणील, तो यापेक्षा कितीतरी अधिक पाणी वाचवील.

तेव्हा अडचण पाण्याच्या परिमाणाची नसून त्याच्या शुद्धतेची व नियमितपणाची आहे. कालव्याचे आवर्तन पाळीने येते. पाहुण्यास मात्र पाणी रोज हवे. म्हणून २००० लिटरची झाकणबंद टाकी असावी. उसाच्या पट्ट्यातील विहिरींच्या पाण्यात रासायनिक खतांमुळे नायट्रेट व क्षार वाढलेले असू शकतात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असे भारतीय मानक आहे. तान्ह्या मुलांस त्याचा विशेष अपाय होतो. उकळल्याने किंवा जंतुनाशक घातल्याने नायट्रेट जात नाही. म्हणून तळ सुरू करण्यापूर्वी व पुढे दरवर्षी पावसाळ्यानंतर विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. जंतूंच्या नाशासाठी दर हजार लिटरांस सुमारे ५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून, वरचे निवळ टाकीत घालावे व निदान अर्धा तास थांबून मगच पाणी वापरावे. पाणी तपासून घेण्याचा हा लाभ पाहुण्यांआधी घरच्या माणसांस होतो, हे सांगणे नलगे.

मैला व सांडपाणी

या धंद्याचे यश किंवा अपयश बहुतांशी शौचालयावर ठरते. तळासाठी दोन शोषखड्ड्यांचे शौचालय पुरेसे आहे. एक खड्डा भरला की दुसरा वापरात आणावा व भरलेला खड्डा दीड-दोन वर्षे बंद ठेवावा. तेवढ्या काळात त्याचे निर्धोक, भुसभुशीत खत होते. हे खड्डे विहिरीपासून निदान १५ मीटर दूर व उताराच्या खालच्या अंगास असावेत. जेथे खाली भेगाळ खडक लागतो तेथे हे अंतर याहूनही पुष्कळ वाढवावे, कारण खडकाच्या फटीतून दूषित पाणी गाळले न जाता थेट झऱ्यास मिळते.

कॅराव्हॅनच्या बाबतीत एक धोका विशेष आहे. या मोटारींतील शौचपात्राच्या टाकीत दुर्गंधी थांबविण्यासाठी काही वेळा फॉर्मॅल्डिहाइडयुक्त द्रव घालतात. हे द्रव्य जंतू मारते. असा मैला गोबरगॅसच्या टाकीत ओतल्यास गॅस तयार करणारे जंतू मरून संयंत्र बंद पडते. शोषखड्ड्यात ओतल्यास तेथील कुजण्याची क्रिया थांबते. म्हणून गाडी आत घेण्यापूर्वीच विचारणा करावी. ज्यात असा द्रव असेल तो मैला आपल्या शेतात रिकामा करू देऊ नये. जैविक द्रव वापरणाऱ्यांनाच ती सोय द्यावी.

अंघोळीचे व भांड्यांचे सांडपाणी निराळे काढावे. साबणात सोडियम असते व ते काळ्या जमिनीत साठत गेल्यास मातीचे कण विस्कटून जमीन चोपण बनते. म्हणून हे पाणी एकाच ठिकाणी वर्षानुवर्षे सोडू नये. वाळू व खडीच्या गाळण खड्ड्यातून काढून ते कर्दळ, केळी किंवा नारळ यांस आळीपाळीने द्यावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीस मात्र देऊ नये.

पिकांची आखणी

शहरातील पाहुणा मुक्कामाइतकाच शेतावर पिकणाऱ्या जिनसांसाठी येतो. यात हिवाळ्यातील हुरड्यास प्रथम स्थान आहे. रब्बी ज्वारीची पेरणी मध्य सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर या काळात होते व सुमारे तीन-सव्वातीन महिन्यांत कणसे हुरड्यास येतात. परंतु एका पेऱ्याचा हुरडा आठ-दहा दिवसच कोवळा राहतो. म्हणून हुरड्यासाठी राखलेले क्षेत्र एकदम न पेरता दहा-दहा दिवसांच्या अंतराने तीन टप्प्यांत पेरावे, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत हुरडा पुरविता येतो. मात्र सप्टेंबरच्या मध्याआधी पेरल्यास खोडमाशीचा उपद्रव वाढतो, हे ध्यानी ठेवावे. वाण हुरड्याचाच घ्यावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले उत्तरा, परभणीच्या विद्यापीठाचा परभणी वसंत किंवा गावरान गुळभेंडी हे वाण गोडीस चांगले व मळण्यास सोपे आहेत. हुरड्याच्या पट्ट्यावर दाणे भरू लागल्यावर कीटकनाशक मुळीच फवारू नये.

याच काळात गुऱ्हाळे चालू असतात. रस, काकवी व ताजा गूळ यांची विक्री शेतावर झाल्यास अडत व वाहतूक वाचते. गूळ रसायनाशिवाय केला असेल तर तो रंगाने काळसर दिसतो. त्याचे कारण पाहुण्यास समजावून द्यावे, म्हणजे तो गूळ खराब नसून चांगला आहे हे त्याच्या लक्षात येईल. परंतु गुऱ्हाळाच्या उकळत्या कढईजवळ मुलांस जाऊ देऊ नये, कठडा बांधावा.

शेवंती लावणाऱ्या शेतकऱ्यांस एक सूचना आहे. शेवंती हे लहान दिवसाचे पीक असून रात्र पुरेशी मोठी व अंधारी झाल्यावरच तिला कळ्या येतात. तळावरील प्रखर दिवा रात्रभर शेवंतीच्या प्लॉटवर पडत राहिला तर त्या बाजूचा बहार लांबतो. म्हणून दिवे मंद, खाली तोंड केलेले व पिकाकडे पाठ असलेले लावावेत. पाहुण्यांसही तारे पाहण्यासाठी अंधारच हवा असतो.

पाहुण्यांस जवळपास पाहण्यासारखीही स्थळे आहेत : सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य व तेथील चिंकारा हरणे, हिवाळ्यात भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर उतरणारे रोहित पक्षी, यवतनजीकचे भुलेश्वराचे प्राचीन देवालय, आणि थेऊर, मोरगाव व सिद्धटेक ही अष्टविनायक क्षेत्रे. वरवंड हे या सर्वांच्या मधोमध मुक्कामाचे ठिकाण होऊ शकते.

जीविताची काळजी

शेतातील धोके शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेले असतात. शहरातील मुलास ते ठाऊक नसतात. त्यांपैकी सर्वांत मोठा धोका प्लॅस्टिकच्या अस्तराच्या शेततळ्याचा आहे. ओल्या अस्तरावर पाय ठरत नाही आणि उत्तम पोहणाराही त्यावरून वर चढू शकत नाही. शेततळ्यास चोहोबाजूंनी कुंपण व कुलूप असलेले फाटक असावे. चारही कोपऱ्यांतून गाठी मारलेले दोर पाण्यात सोडावेत आणि हवा भरलेल्या ट्यूबा काठावर तयार ठेवाव्यात. कठडा नसलेल्या विहिरीचे शेत तळासाठी अयोग्य समजावे.

शिरूर व दौंड तालुक्यांच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर वाढला आहे. दाट उसात त्यास लपण व पिले वाढविण्यास जागा मिळते. उरलेसुरले अन्न उघड्यावर टाकले की कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. म्हणून खरकटे झाकणाच्या डब्यात ठेवून सकाळीच कंपोस्टच्या खड्ड्यात मातीखाली गाडावे. तंबू व उसाचा फड यांत निदान शंभर फूट मोकळी जागा असावी. अंधार पडल्यावर मुलांस एकटे सोडू नये व शौचालयाची वाट उजेडाची असावी. बिबट्याची पिले आढळल्यास त्यांस हात न लावता वनविभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे. बिबट्याचा वावर नुकताच दिसला असेल तर आलेले पैसे परत करून तळ बंद ठेवावा. या बाबतीत भीड बाळगू नये.

मण्यार हा साप रात्री जमिनीवर निजलेल्या माणसास दंश करतो व दंशाच्या जागी वेदना फारशी होत नसल्याने तो कळतही नाही. यास्तव तंबूत बाज किंवा खाट द्यावी, मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचावी व पाचटाचे आणि कडब्याचे ढीग दूर ठेवावेत. दंशाची शंका येताच मांत्रिकाकडे वेळ न दवडता, रुग्णास न चालविता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने यवतच्या ग्रामीण किंवा दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यावे. शेकोटी एकाच ठरलेल्या, दगडांनी बांधलेल्या जागी पेटवावी, जवळ पाण्याचे पिंप असावे व वारा सुटल्यास ती विझवावी. कीटकनाशके कुलपात ठेवावीत, आणि ज्या दिवशी पाहुणे असतील त्या दिवशी लगतच्या शेतात फवारणी करू नये.

जमाखर्च

आता पैशाचा विचार करू. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावेत. पावसाळ्यात व कडक उन्हाळ्यात पाहुणे फारसे येत नाहीत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळातील सुमारे २० आठवडे हाच खरा हंगाम. दर आठवड्यास दोन रात्री याप्रमाणे ४० रात्री होतात. पाच जागा असल्यास २०० जागा-रात्री झाल्या; त्यांतील निम्म्या भरतील असे धरू, म्हणजे १००. दर जागेचे भाडे १,००० रुपये व त्यापैकी पाणी, वीज, स्वच्छता व मजुरी यांचा खर्च ३५० रुपये धरल्यास ६५० रुपये उरतात, म्हणजे वर्षास ६५,००० रुपये. चाकपट्ट्या, शौचालय, टाकी, कुंपण व तंबू यांस दीड लाख रुपये लागले असतील तर मुद्दल फिटण्यास दोन वर्षांहून अधिक काळ लागेल.

याच जागी दहा लाख रुपयांचे कर्ज काढून पक्क्या खोल्या बांधल्या असत्या, तर शेकडा अकरा दराने केवळ व्याजच वर्षाला १,१०,००० रुपये झाले असते. वरील मिळकतीत व्याजही भागत नाही. एखादा सुंदर देखावा किंवा एखाद्याची भरलेली गर्दी पाहून जमीन तारण ठेवण्याचा मोह होतो. तो टाळावा. दोन हंगाम स्वतःच्या शिलकीतून लहान तळ चालवावा, वहीत रोजचा जमाखर्च लिहावा आणि मगच वाढ करावी की नाही हे ठरवावे.

या हिशेबात एक रक्कम बहुधा लिहिलीच जात नाही; ती म्हणजे घरातील स्त्रियांचे श्रम. पाहुण्यांसाठी पिठले-भाकरी, भरीत, ठेचा हे सर्व पहाटेपासून तीच करते. त्याच काळात खुरपणी व गुरांचे कामही तिच्याकडेच असते. जेवणाचा दर ठरवून, तिच्या श्रमाचा भाग तिच्या नावाच्या बँक खात्यात जमा करावा. गावातील महिला बचत गटाकडे स्वयंपाक सोपविल्यास भार वाटला जाऊन चार घरांस काम मिळेल. ज्या धंद्यात घरधनिणीची मजुरी धरली की तोटा दिसतो, तो धंदा नफ्यात नाही, असेच समजले पाहिजे.

परवाने व शेजारधर्म

तळ सुरू करण्यापूर्वी ग्रामपंचायतीस लेखी कळवावे व पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी. अन्न देणार असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. पक्के बांधकाम करावयाचे असल्यास तहसील कार्यालय व नियोजन प्राधिकरण यांकडे आधी चौकशी करावी; बांधून झाल्यावर नव्हे. पाहुण्यांची नावे, ओळखपत्र व गाडीचा क्रमांक नोंदवहीत घ्यावा.

शेतरस्त्याची बाब विशेष नाजूक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ अन्वये बांधावरून जो रस्ता मिळतो तो शेतीच्या वहिवाटीसाठी असतो. त्यावरून दर आठवड्यास परक्या मोटारी जाऊ लागल्यास शेजाऱ्याने हरकत घेणे स्वाभाविक आहे. म्हणून शेजाऱ्याची संमती आधी घ्यावी, रस्त्याच्या डागडुजीचा खर्च आपण सोसावा व त्याचा भाजीपाला, दूध किंवा गूळही पाहुण्यांस विकत घेऊ द्यावा. ज्या तळापासून शेजाऱ्यासही चार पैसे मिळतात, त्या तळावर तंटे उद्भवत नाहीत.

शेवटी आणखी एका तळाचा उल्लेख करणे अवश्य आहे. पर्यटनाचा हंगाम तोच ऊसतोडीचाही हंगाम. याच महिन्यांत याच शिवारात तोडणी कामगार आपल्या बायकामुलांसह पाचटाच्या कोप्यांतून राहतात. त्यांच्या तळावर पुष्कळदा पिण्याच्या पाण्याचा नळ नसतो, शौचालय नसते व उजेड नसतो. बिबट्या व साप यांचा धोका मात्र पाहुण्यांच्या तंबूपेक्षा अधिक असतो. पाहुण्यांसाठी बांधलेले शौचालय व शुद्ध पाण्याचा नळ आठवड्याचे पाच दिवस मोकळाच असतो. तो त्या कुटुंबांस वापरावयास दिल्यास खर्च नाममात्र वाढतो. तसे करणे जमत नसेल तर निदान एक नळ व एक शौचालय त्यांच्यासाठी निराळे करावे. पाच जागांचा तळ उभारण्याची ऐपत ज्यास आहे, त्यास हे कठीण नाही.

यंदा पाऊस उघडल्यावर ज्यांस हा जोडधंदा करून पाहावयाचा असेल त्यांनी प्रथम तीन कामे करावीत : विहिरीचे पाणी तपासून घ्यावे, शेततळ्यास कुंपण घालावे आणि हुरड्याचा पहिला टप्पा सप्टेंबरच्या मध्यास पेरावा. ही तीनही कामे अशी आहेत की, एकही पाहुणा आला नाही तरी ती वाया जाणार नाहीत.